नियम सहा आणि सतरा महिने रिकामी खुर्ची: महाराष्ट्र विधानसभा अध्यक्षपदाच्या वादाची पार्श्वभूमी

नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी विधानसभा अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि काँग्रेसच्या प्रदेशाध्यक्षपदाची सूत्रे घेतली. त्यानंतर ३ जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे जवळपास सतरा महिने, महाराष्ट्र विधानसभेला अध्यक्ष नव्हता. सभागृहाने ‘शक्य तितक्या लवकर’ अध्यक्ष निवडावा, असे राज्यघटनेचे कलम १७८ सांगते. महाविकास आघाडीकडे २८८ पैकी १७०च्या आसपास आमदारांचा पाठिंबा असल्याचे तिचे नेते सांगत होते. तरीही ही निवड अधिवेशनामागून अधिवेशन लांबत गेली आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ कामकाज चालवत राहिले. त्या काळात सत्ताधाऱ्यांनी करोनाचे, राज्यपालांचे, वेळेच्या कमतरतेचे कारण दिले. खरे कारण विधानसभा नियमांच्या पुस्तकात होते. नियम ६ नुसार अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने व्हायची, आणि गुप्त मतदानात आपली मते आपल्याकडेच राहतील याची खात्री आघाडीला नव्हती.

ही खात्री इतकी महत्त्वाची का झाली, हे समजण्यासाठी १९८५ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि पक्षांतर करणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवण्याचा अधिकार सभागृहाच्या अध्यक्षाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोतो होलोहन प्रकरणात हा अधिकार वैध ठरवला. मात्र हे काम करताना अध्यक्ष न्यायाधिकरण असतो आणि त्याचा निर्णय न्यायालयात तपासता येतो, असेही त्यात स्पष्ट केले. तोपर्यंत अध्यक्षपद हे मानाचे आणि कामकाजावर अंकुश ठेवण्याचे पद होते. त्यानंतर फुटलेल्या पक्षाचा कोणता गट खरा आणि कोणाचा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, चालणार, हे ठरवणारा माणूस त्या खुर्चीवर बसू लागला. दुसरीकडे त्याच परिशिष्टाने व्हिपला धार दिली होती, पण मतपत्रिका गुप्त असेल तर व्हिप मोडणारा सापडणार कसा? महाराष्ट्राच्या नियमांत ही फट पुढची साडेतीन दशके तशीच राहिली. तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही, कारण अध्यक्षाची निवड बहुधा बिनविरोध करण्याचा राज्यात प्रघात होता आणि बिनविरोध निवडीत मतपेटीची गरजच पडत नाही.

प्रघातावर विसंबून राहिलेला नियम बहुमत डळमळीत झाले की उघडा पडतो. याचा पहिला ठळक अनुभव १२ नोव्हेंबर २०१४ रोजी आला, तो अध्यक्षाच्या निवडीत नव्हे तर त्यानंतर लगेच आलेल्या विश्वासदर्शक ठरावात. भारतीय जनता पक्षाच्या १२२ जागा होत्या, शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती आणि राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. शिवसेना आणि काँग्रेसच्या उमेदवारांनी माघार घेतल्याने हरिभाऊ बागडे बिनविरोध अध्यक्ष झाले. आशिष शेलार यांनी मांडलेला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे त्यांनी जाहीर केले. विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती मागणी उशिरा आली म्हणून फेटाळली गेली. आवाजी मतदानात कोणाचा आवाज मोठा, हे अध्यक्ष ठरवतात. नेमके किती आमदार कोणत्या बाजूला होते, याची नोंद राहत नाही. मतविभागणी मागणे हा सदस्याचा हक्क असला तरी तो योग्य क्षणी बजावावा लागतो आणि गोंधळात तो क्षण निसटतो. अल्पमतातले सरकार त्या दिवशी आकडा न दाखवता तरले. आवाजी मतदानाला त्या वेळी लोकशाहीची थट्टा म्हणणाऱ्यांमध्ये पुढे आघाडीत एकत्र आलेले दोन पक्ष, शिवसेना आणि काँग्रेस, होते, ही गोष्ट पुढच्या घडामोडी वाचताना ध्यानात ठेवावी.

त्याच दिवशी अभिभाषणासाठी आलेल्या राज्यपालांना अडवल्याच्या आणि धक्काबुक्कीच्या आरोपावरून काँग्रेसच्या पाच आमदारांना दोन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. निलंबनाच्या मुदतीचा हा वाद मुख्य कथेच्या बाजूने चालतो आणि पुढे तिला येऊन मिळतो, म्हणून त्याचा माग थोडा सविस्तर काढायला हवा. विधानसभा नियमांतील नियम ५३ अध्यक्षाला बेशिस्त सदस्याला त्या दिवसापुरते आणि त्याच अधिवेशनात पुन्हा तसे घडल्यास अधिवेशनाच्या उरलेल्या काळापुरते बाहेर काढण्याचा अधिकार देतो. पण महाराष्ट्रात रूढ झालेला मार्ग वेगळा होता. संसदीय कार्यमंत्र्यांनी ठराव मांडायचा, तो आवाजी मतदानाने मंजूर करायचा आणि सभागृहाच्या अंगभूत अधिकारात मुदत हवी तितकी ठेवायची. नोव्हेंबर २००९ मध्ये अबू आझमी यांच्या हिंदीतील शपथेवरून झालेल्या प्रकारानंतर महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या चार आमदारांना चार वर्षांसाठी निलंबित करण्यात आले होते. मार्च २०१७ मध्ये अर्थसंकल्पाच्या वेळी घोषणाबाजी केल्याबद्दल काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या १९ आमदारांना ३१ डिसेंबरपर्यंत बाहेर ठेवण्याचा ठराव झाला. ही निलंबने बहुधा मुदतीआधीच मागे घेतली जात, त्यामुळे त्यांची घटनात्मक कसोटी लागत नसे. सत्तेवर कोण आहे, यावर फक्त निलंबित होणाऱ्यांची नावे बदलत.

कसोटी लागली ती ५ जुलै २०२१ च्या ठरावाने. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी केंद्राकडे असलेली सांख्यिकी माहिती मिळावी, या ठरावावर गदारोळ झाला. अध्यक्षांच्या अनुपस्थितीत पीठासन सांभाळणारे तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांना त्यांच्या दालनात शिवीगाळ झाल्याचा आरोप झाला, तो भाजपने नाकारला. संसदीय कार्यमंत्री अनिल परब यांनी मांडलेल्या ठरावाने भाजपचे बारा आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. आशिष शेलार, गिरीश महाजन, संजय कुटे, अतुल भातखळकर यांच्यासारखे आक्रमक सदस्य त्यात होते. अध्यक्षपद तेव्हा रिकामे होते आणि निवड कधीही होऊ शकत होती. विरोधी बाकांवरची बारा मते कमी करणे हाच या ठरावाचा हेतू असल्याचा आरोप भाजपने केला. हेतू सिद्ध करणे अवघड असते. परिणाम मात्र सरळ मोजता येत होता.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हा ठराव त्या अधिवेशनापलीकडच्या काळापुरता घटनाबाह्य आणि अतार्किक ठरवला. न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाचा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. सदस्याची हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मात्र आमदार नावापुरता उरतो, मतदारसंघाला बोलणारा कोणी राहत नाही आणि पर्यायही मिळत नाही. म्हणून असे निलंबन हकालपट्टीपेक्षाही वाईट ठरते. कार्यपद्धतीतील अनियमिततेच्या कारणावरून न्यायालयांनी विधिमंडळाच्या कामकाजात डोकावू नये, असे कलम २१२ सांगते. पण जे मुळातच बेकायदा आहे त्याला हे कवच मिळत नाही, ही रेघ या निकालाने ठळक केली.

या निकालाच्या महिनाभर आधी आघाडीने मूळ अडचणीला हात घातला होता. डिसेंबर २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात, जे नागपूरऐवजी मुंबईत भरले, नियम समितीमार्फत नियम ६ आणि उपाध्यक्षाच्या निवडीचा नियम ७ बदलण्यात आले. गुप्त मतदानाऐवजी खुले, आवाजी मतदान आले आणि निवडीची तारीख राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीनुसार ठरवावी, असा बदल झाला. कलम २०८ नुसार आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार सभागृहाचा असल्याने सत्ताधाऱ्यांची तात्त्विक बाजू लंगडी नव्हती. लोकसभेचा अध्यक्षही प्रस्तावावरील उघड मतदानानेच निवडला जातो, हा त्यांचा युक्तिवाद बरोबरच होता. भाजपचा आक्षेप मजकुराइतकाच घाईवर होता. नियमबदलावर हरकती आणि सूचना देण्याची मुदत दहा दिवसांवरून एका दिवसावर आणली गेली आणि तीही बारा आमदार बाहेर असताना, असे देवेंद्र फडणवीस आणि त्यांचे सहकारी सभागृहात सांगत होते. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. नियम सुधारण्याजोगा होता, पण तो ज्या क्षणी सुधारला गेला त्या क्षणाने त्याची विश्वासार्हता खाल्ली.

राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी तारीख दिली नाही. केलेला बदल प्रथमदर्शनी घटनाबाह्य वाटतो, असे त्यांनी सरकारला कळवले. २८ डिसेंबरला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, राज्यपालांच्या संमतीविनाच निवडणूक उरकण्याचा विचार आघाडीत झाला, मात्र ऐनवेळी सरकारने माघार घेतली. कायद्याच्या भाषेत हा प्रश्न आजही रोचक आहे. कलम १७८ मध्ये अध्यक्षाच्या निवडीत राज्यपालांचा उल्लेखच नाही. तारखेचा अधिकार त्यांना सभागृहाने स्वतःच्या नियमातून दिलेला आहे. मग सभागृहाने केलेला बदल घटनेला धरून आहे की नाही, हे ठरवण्याची मुभा त्या अधिकारातून निघते काय? याचे थेट उत्तर न्यायालयाकडून कधी आलेच नाही.

येऊ शकले असते, पण वाट चुकीची निवडली गेली. गिरीश महाजन यांनी नियमबदलाला जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने त्यांना आधी दहा लाख रुपये जमा करायला लावले आणि ९ मार्च २०२२ रोजी याचिका फेटाळून ती रक्कम जप्त केली. अध्यक्ष कोण व्हावा आणि कसा निवडला जावा यात जनहित नेमके कुठे आहे, असा न्यायालयाचा रोख होता. त्याच वेळी राज्यपाल आणि मुख्यमंत्री या दोन घटनात्मक पदांमधील विसंवादाबद्दल न्यायालयाने नापसंतीही दाखवली. विधान परिषदेवरील बारा नामनियुक्त सदस्यांची यादी नोव्हेंबर २०२० पासून राजभवनात पडून होती, हा त्या विसंवादाचा दुसरा पुरावा होता. नवा नियम अशा रीतीने टिकला, पण अर्थसंकल्पी अधिवेशनातही तारीख मिळाली नाही.

गुप्त मतदानाची भीती काल्पनिक नव्हती, हे २० जून २०२२ च्या विधान परिषद निवडणुकीने दाखवले. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. परिषदेच्या निवडणुकीत मात्र मत गुप्त असते. भाजपने आपल्या संख्याबळाच्या पलीकडे जाऊन पाचवा उमेदवार निवडून आणला आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले. त्याच रात्री एकनाथ शिंदे समर्थक आमदारांसह सुरतेकडे निघाले.

पुढच्या दहा दिवसांत रिकाम्या खुर्चीची किंमत आघाडीला कळली. शिवसेनेने सोळा आमदारांच्या अपात्रतेचे अर्ज केले, त्यावर निर्णय करणारे होते उपाध्यक्ष झिरवाळ. शिंदे गटाने चौतीस आमदारांच्या सह्यांची झिरवाळ यांनाच हटवण्याची नोटीस पाठवली. ही खेळी अरुणाचल प्रदेशच्या नबाम रेबिया प्रकरणावर आधारलेली होती. अध्यक्षाला पदावरून दूर करण्याची नोटीस प्रलंबित असताना त्याने अपात्रतेचा निर्णय करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात १३ जुलै २०१६ रोजी म्हटले होते. झिरवाळ यांनी ती नोटीस अनोळखी ई-मेलवरून आल्याचे सांगून फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने २७ जूनला आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत दिली, आणि त्या दोन आठवड्यांत राज्यातले सरकार बदलले. पक्का अध्यक्ष असता तर हेच घडले नसते असे म्हणता येत नाही, कारण हटवण्याची नोटीस त्यालाही देता आली असती. पण सभागृहाच्या बहुमताने निवडलेल्या अध्यक्षाचे पाय इतके लवकर बांधले गेले नसते, एवढे नक्की.

३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. ज्या राज्यपालांकडून आघाडीला अनेक महिने तारीख मिळाली नव्हती, त्यांच्याकडून ती लगेच मिळाली, आणि ज्या बदललेल्या नियमाविरुद्ध भाजपचे आमदार उच्च न्यायालयात गेले होते त्याच नियमाने ३ जुलैला निवडणूक झाली. पीठासनावर झिरवाळ होते. आधी आवाजी मतदान झाले, मग विरोधकांच्या मागणीवरून शिरगणती झाली. प्रत्येक आमदाराने उभे राहून नाव आणि क्रमांक सांगितला. भाजपचे राहुल नार्वेकर यांना १६४ आणि शिवसेनेचे राजन साळवी यांना १०७ मते मिळाली. फाटाफुटीला आळा घालण्यासाठी आघाडीने आणलेले खुले मतदान त्या दिवशी फुटलेल्या आमदारांच्या नोंदीपुरतेच उपयोगी पडले. शिवसेनेचे मुख्य प्रतोद, म्हणजे व्हिप बजावणारे, सुनील प्रभू यांचा व्हिप मोडून कोणी मत दिले, ते कामकाजात नोंदवले गेले. रात्री नव्या अध्यक्षांनी शिंदे गटाच्या भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून मान्यता दिल्याने व्हिपची बाजूच उलटली.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी ही मान्यता बेकायदा ठरवली. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, हे त्यात स्पष्ट झाले. राज्यपालांनी बहुमत चाचणीसाठी दिलेला आदेशही योग्य नव्हता, असे पीठाने म्हटले. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिलेला असल्याने जुने सरकार परत आणता येणार नव्हते. अपात्रतेचा निर्णय नार्वेकर यांच्याकडेच गेला आणि नबाम रेबियाचा फेरविचार सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. न्यायालयाने दोनदा मुदत घालून दिल्यावर १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी शिंदे यांचा पक्षच खरी शिवसेना असल्याचा निर्णय दिला आणि दोन्ही गटांतील कोणालाही अपात्र ठरवले नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर महायुतीला इतके मोठे बहुमत मिळाले की ९ डिसेंबरला नार्वेकर पुन्हा बिनविरोध अध्यक्ष झाले आणि मतदानाची पद्धत कोणती, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. विरोधी बाकांवरील एकाही पक्षाकडे सभागृहाच्या दहा टक्के जागा नसल्याने वाद आता विरोधी पक्षनेतेपदाकडे सरकला आहे. त्या पदासाठी शिवसेनेच्या ठाकरे गटाने ज्यांचे नाव पुढे केले ते भास्कर जाधव, म्हणजे ५ जुलै २०२१ रोजी तालिका अध्यक्ष म्हणून पीठासनावर असलेले तेच सदस्य.