मोड: नाशिकच्या तांब्यापितळेची परतीची वाट

एखादी गोष्ट ‘मोडीत काढली’ म्हटलं की ती संपली, टाकून दिली, असं आपण समजतो. नाशिकच्या भांडी बाजारात हा शब्द अजून मूळच्या अर्थाने चालतो. मोड म्हणजे जुनं भांडं, पण आता ते भांडं म्हणून नव्हे तर धातू म्हणून मोजायचं. त्याचं वजन होतं, त्या दिवसाचा भाव लागतो आणि नवं भांडं घेताना ती रक्कम वळती होते. गिऱ्हाइकाच्या पदरचं जातं ते फक्त घडणावळ आणि तूट. धातू जागेवरच राहतो, रूप बदलतं.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. गोदेचं पाणी घरी न्यायला तांब्याचे गडू पुन्हा ढिगाने मांडले जातील. पुनर्वापर हा शब्द सध्या फार ऐकू येतो, आणि तो काल-परवा बाहेरून आल्यासारखा वापरला जातो. म्हणून ही मागची हकिकत सांगावीशी वाटली. या गावाने धातू वाया जाऊ दिला नाही, आणि त्यामागे नुसता काटकसरीचा स्वभाव नव्हता. परत येणाऱ्या धातूला उघड, ठरलेला भाव होता.

सगळ्यात जुना भक्कम पुरावा सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीचा. गोदावरी आणि दारणेच्या संगमावरच्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून जास्त होती आणि ती क्षत्रप राजा नहपानाची. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केल्यावर ही नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपले ठसे मारले, एका बाजूला कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली. साठ्यातली निम्म्याहून बरीच जास्त नाणी अशी दुबार ठशाची आहेत. काहींवर नव्या ठशाखालून नहपानाचं नाक आणि हनुवटी अजून डोकावते. राज्य बदललं तरी चांदीचा कस आणि वजन विश्वासाचं होतं. मग ती आटवून पुन्हा पाडण्याचा खर्च कशाला करायचा?

दुसरा पुरावा प्रत्येक नाशिककराने पाहिलेला आहे, नारोशंकराची घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांबरोबर घाट चढून वर आल्या. त्यातली एक गोदाकाठी नारोशंकरांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळात टांगली गेली. मेणवलीला आणि भीमाशंकरलाही अशाच घंटा आहेत. तोफांच्या त्या काळात एवढं ओतीव कासं थेट भट्टीत जाऊ शकलं असतं. पण ते घंटा म्हणूनच राहिलं, फक्त नाद दुसऱ्या देवासाठी झाला. जुनी वस्तू न मोडता तिला नवं काम देणं हा पुनर्वापराचा सगळ्यात कमी खर्चाचा प्रकार आहे, आणि मला तो सगळ्यात देखणाही वाटतो.

आता भट्टीकडे. तांबट पत्रा ठोकून भांडं घडवतो, ओतारी धातू ओततो, आणि विक्री पूर्वी बरीचशी कासारांकडे असे. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून तांब्या-पितळेचे तयार पत्रे मुंबईत उतरू लागले. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर ते नाशिकला पोचवणं सोपं झालं. त्याआधी कारागिराच्या हाती येणाऱ्या मालात मोडीचा वाटा फार मोठा होता, आणि पत्रे आल्यावरही मोड थांबली नाही.

मोड आटवणं वाटतं तितकं सोपं नाही. तांबं १०८५ अंश सेल्सियसला वितळतं, पण शुद्ध जस्त ९०७ अंशांनाच उकळू लागतं. त्यामुळे जुनं पितळ मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, तापलं की जस्त आधी पळ काढतं. हवेत जळून त्याचा पांढरा, कापसासारखा धूर होतो. ज्याने तो एकदा पाहिला तो विसरत नाही, आणि ज्याच्या छातीत जास्त गेला त्याला तापही भरतो. म्हणून मुशीतल्या रसावर कोळशाची भुकटी किंवा काच पसरून झाकण करायचं आणि उडालेलं जस्त शेवटी वरून घालायचं. हे न करता तेच पितळ दोन-तीनदा आटवलं की रंग तांबूस होतो आणि भांडं पहिल्यासारखं राहत नाही. शिवाय जुन्या भांड्याबरोबर त्याच्या अंगावरचं सगळंच मुशीत येतं, कल्हईचं कथील, डाकाचं म्हणजे सांधा जोडायचं शिसं, कडीचं लोखंड. मोड घेणारा भांडं उलटंपालटं करून बघतो, नखाने खरवडतो, कानाशी वाजवतो, ते याचसाठी. कोऱ्या तांब्याची मोड आणि कल्हईच्या तांब्याची मोड यांचा भाव वेगळा असतो.

कल्हई हाही दुरुस्तीचाच प्रकार. पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे कल्हईवाल्याला रस्त्याकडेला खड्डा आणि एक भाता पुरे. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, धूर उठताना कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सर्र्‌कन फिरवायची. थर झिजला की पुन्हा कल्हई. एकेक पातेलं असं दोन-तीन पिढ्या चाले.

माझ्या आजीचं घंगाळ मोडीला दिलं तेव्हा मी आईबरोबर होतो. काठाजवळ टिंब टिंब करून नाव कोरलं होतं, ‘चि. सौ. कां.’पासून पुढे, आणि कुणी दिलं तेही. दुकानदाराने आधी लोखंडी कड्या छिन्नीने उडवल्या. बुडाला डाक होता तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवला, मग घंगाळ काट्यावर चढवलं. साडेचार किलो भरलं. आईने विचारलं, “नावाचं काय करता?” ते म्हणाले, “ताई, नाव वितळताना पहिलं जातं. पाहिजे तर तेवढी पट्टी कापून देतो, वजनातून कमी होईल.” आईने पट्टी घेतली.

सोन्याचांदीत हीच चाल आणखी बारीक होते. सराफ बाजारातला केर कचरा म्हणून टाकला जात नाही. झारेकरी तो विकत घेतात. कानस आणि पॉलिश यातून उडालेला कीस त्या धुळीत असतो. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. त्यामुळे पाटीत धूळ घेऊन पाणी हलवत राहिलं की माती वाहून जाते आणि तळाशी काळपट जड गाळ उरतो. पूर्वी त्या गाळात पारा चोळून सोनं पकडायचे आणि मग पारा तापवून उडवायचे. ते विष उघड्या हाताने आणि उघड्या श्वासाने हाताळलेलं आहे. आपण त्या कौशल्याचं कौतुक करतो तेव्हा ही किंमतही त्याच दमात सांगितली पाहिजे.

येवल्याच्या पैठणीचंही असंच. तिच्यातला जर (जरीची तार) खरा असेल, म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असेल, तर विरलेली पैठणी जाळतात. रेशमाची राख होते, चांदी ९६१ अंशांपर्यंत दम धरते आणि राखेत तारांचा गुंता उरतो. तो आटवला की गोळी मिळते. आता बराच जर प्लॅस्टिकच्या चमकत्या पट्टीचा असतो. तो जाळला तर फक्त दुर्गंध येतो.

साखळी खरी तुटली ती स्टेनलेस स्टीलने. साठ-सत्तरच्या दशकांत बोहारणीच्या पाटीतून जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे घरोघर आले. ते हलके, न कळकणारे, कल्हईची कटकट नसलेले. बायकांचे कष्ट त्याने वाचले आणि त्याला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. पण स्टील वितळायला साधारण १४०० अंशांच्या वर तापमान लागतं, आणि ते आळीतल्या भट्टीचं काम नाही. फुटका स्टीलचा डबा कारागिराकडे परतत नाही. तो भंगारवाल्याकडे जातो आणि तिथून दूरच्या विजेच्या भट्टीत. त्याला भाव मिळतो, पण घडवणारा आणि वापरणारा पुन्हा समोरासमोर येत नाहीत. मोडीबरोबर ती ओळखही गेली.

दरम्यान साठच्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे अंबड आलं, आणि नाशिकची मोड तिकडे सरकली. लेथवर सुटणाऱ्या चुऱ्याला कामगार बर म्हणतात. पितळेची बर चांगल्या भावाने जाते, पण लोखंडाचे कण मिसळले की भाव पडतो, म्हणून खरेदीदार ढिगावरून चुंबक फिरवतो. एक गोष्ट चुंबकाला कळत नाही. लेथवर सहज कापलं जावं म्हणून या पितळेत सुमारे ३ टक्के शिसं घातलेलं असतं. नळाच्या चाव्या आणि व्हॉल्व्हही बरेचदा त्याच जातीचे. त्या कामाला ते योग्यच आहे, पण ती बर पाण्याच्या तांब्याच्या किंवा पातेल्याच्या मुशीत जाता कामा नये. जुन्या मोडीत गिऱ्हाईक आपलंच पातेलं घेऊन यायचं, धातू कुठून आला ते दोघांना ठाऊक असायचं. गोणीतून आलेल्या चुऱ्याचा पूर्वेतिहास कोण सांगणार? स्वस्त पितळी भांडं घेताना दुकानदाराला हा प्रश्न जरूर विचारावा. चांगला दुकानदार रागावत नाही.

पावसाळ्यात गोदेला पूर आला की पाणी सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरतं. ओसरल्यावर दुकानांपुढे हंडे-कळश्या धुऊन उपड्या घातलेल्या दिसतात. चेपलेली, पोचे आलेली भांडी वेगळ्या ढिगात जातात, आणि दुपारपर्यंत त्या ढिगापुढे काटा मांडलेला असतो.