साचाविरहित काचतंतू बांधणी

साचाविरहित काचतंतू बांधणी : हौशी विमानबांधणीतील एक पद्धत. हलक्या फोमच्या ठोकळ्याला पंखाचा किंवा शेपटीचा आकार देऊन त्यावर इपॉक्सी रेझिनमध्ये (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रव्यात) भिजवलेले काचतंतूंचे कापड थराथरांनी चढवतात. फोम नंतर काढून टाकत नाहीत. तो गाभा म्हणून आतच राहतो. एकच विमान बांधणाऱ्याचा साच्याचा खर्च आणि त्यात जाणारे महिने त्यामुळे वाचतात.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. विमानात काचतंतू या पद्धतीच्या आधीच आले होते. अमेरिकेत राइट फील्ड या लष्करी विमानतळावर व्हल्टी बीटी-१५ या प्रशिक्षण विमानाच्या धडाचा मागचा भाग काचतंतू व हलक्या बाल्सा लाकडाचा करून १९४४ मध्ये उडवला गेला. श्टुटगार्टच्या विद्यार्थीगटाचे एफएस-२४ फिनिक्स हे ग्लायडर १९५७ मध्ये उडाले. मात्र ही संस्थांच्या कार्यशाळांतील कामे होती. घरगुती बांधणीपुरते बोलायचे तर धागा केन रँडच्या केआर-१ (१९७२ च्या सुमारास) या विमानापर्यंत मागे नेता येतो. त्यात फोम होता, कापड आणि इपॉक्सीही होते. पण मुख्य भार लाकडी सांगाडाच पेलत असे. फोम व काच यांनाच भारवाहक केले ते विमानरचनाकार बर्ट रुटान यांनी, कॅलिफोर्नियातील मोहावी येथे. त्यांचे व्हॅरीईझी २१ मे १९७५ रोजी प्रथम उडाले. युरोपीय ग्लायडरांच्या दुरुस्तीतील युक्त्यांचा त्यावर प्रभाव संभवतो. तरीही पद्धतीचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांचेच पुढचे विमान लाँगईझी १९७९ मध्ये आले.

पंखासाठी पॉलिस्टायरीन फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाचे फर्मे ठोकतात व तापलेल्या तारेने तो कापतात. फर्म्यांच्या कडेवर आकडे लिहिलेले असतात. तार धरणाऱ्या दोघांपैकी एकजण आपली तार ज्या आकड्यावर पोचली तो मोठ्याने म्हणतो आणि दुसरा त्याच वेळी आपल्या बाजूच्या त्या आकड्यावर येतो. एक बाजू मागे राहिली तर पंखात नको तो पीळ येतो. युरेथेन फोम मात्र तारेने कधीच कापू नये, विषारी वायू सुटतो. तो सुरीने कापून घासतात. पॉलिस्टायरीन पेट्रोलमध्ये विरघळतो, म्हणून इंधनटाकीच्या भिंतींना तो चालत नाही. पॉलिएस्टर रेझिनही त्याला खाते. इपॉक्सीचा आग्रह त्यातूनच आला.

कापड लावण्याआधी फोमची छिद्रे काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या मिसळलेल्या इपॉक्सीने बुजवतात. एकदिश कापड (ज्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेने असतात) पंखाच्या लांबीने लावले की ते वाकण्याला विरोध करते; द्विदिश कापड (ज्याचे तंतू आडवे-उभे सारखेच असतात) ४५ अंशांत तिरके लावले की पीळ पेलते. भिजलेली काच पारदर्शक दिसते. जिथे पांढुरका ठिपका राहील तिथे हवा आहे किंवा रेझिन पोचलेले नाही, हे साध्या डोळ्यांना कळते. या पद्धतीचा हा सर्वांत मोलाचा गुण आहे : घरी बांधणाऱ्यापाशी प्रयोगशाळा नसते, तपासणी दिव्याच्या उजेडात नजरेनेच करावी लागते. जादा रेझिनने ताकद वाढत नाही, फक्त वजन वाढते. म्हणून ते रबरी पट्टीने निपटून काढतात. रेझिन अर्धवट आवळले असताना, म्हणजे चामड्यासारखे झाले की, बाहेर लोंबणारी किनार धारदार सुरीने सहज कापली जाते. ती वेळ चुकली तर करवत घ्यावी लागते. हातमोजे टाळणाऱ्यांना इपॉक्सीची ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही.

उन्हात तापल्यावर फोम व इपॉक्सी दोन्ही मऊ पडू लागतात. त्यामुळे अशी विमाने बहुधा पांढरीच रंगवतात.