वन्यजीव आघात मूल्यांकन (मराठवाडा)

धरण, महामार्ग, खाण किंवा वीजप्रकल्प यांमुळे परिसरातील प्राणी, पक्षी, वनस्पती आणि त्यांच्या अधिवासांवर काय परिणाम होईल, हे काम सुरू होण्याआधी तपासण्याची पद्धत. भारतात ती पर्यावरण आघात मूल्यांकनाचा एक भाग असून तिला १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेचा आधार आहे.

साधारणपणे प्रकल्पाच्या हद्दीपासून १० किमीचा परिसर अभ्यासला जातो. ठरावीक रेषेवर चालत केलेली गणना, पाऊलखुणा, विष्ठा, कॅमेरा सापळे आणि गावकऱ्यांच्या मुलाखती यांतून प्रजातींची यादी होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्रजाती आढळल्यास स्वतंत्र संवर्धन आराखडा द्यावा लागतो. उपायांचा क्रमही ठरलेला आहे: हानी टाळणे, ते जमत नसेल तर ती कमी करणे, बिघडलेले सावरणे आणि अगदी शेवटी भरपाई. प्रत्यक्षात बरेच अहवाल थेट शेवटच्या पायरीवर, म्हणजे वृक्षारोपणावर, येऊन थांबतात. माळरानावर तर झाडे लावणे हीच नवी हानी ठरू शकते.

मराठवाड्यात वनक्षेत्र फार थोडे. गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर अशी अभयारण्ये आहेत. पण काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड आणि धाविक पक्षी यांचा मोठा वावर गायराने, माळ आणि शेतांच्या बांधांवर असतो. महसूल दप्तरी यातली पुष्कळ जमीन पडीक म्हणून नोंदलेली असते. त्यामुळे ‘प्रकल्पक्षेत्रात वन नाही’ हे अहवालातील वाक्य खरे असूनही दिशाभूल करू शकते.

बालाघाटच्या पठारावर हा प्रश्न ठळक दिसतो. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत पवनचक्क्या व सौरप्रकल्प वाढले, मात्र हे दोन्ही प्रकार २००६ च्या अधिसूचनेच्या कक्षेत येत नाहीत. कर्ज देणाऱ्या संस्थेने अट घातली तर मूल्यांकन होते, एरवी नाही. पवनचक्कीला हवा तो कड्यावरचा वारा शिकारी पक्ष्यांनाही हवा असतो; शिवाय चक्क्यांना जोडणारे रस्ते माळाचे तुकडे करतात आणि सौरप्रकल्पाचे कुंपण चिंकाऱ्यांच्या वाटा अडवते.

सर्वेक्षणाचा हंगाम निर्णायक असतो. बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरते. गवताळ माळ मात्र पावसाळ्यातच भरतो. मे महिन्यात तो पाहणाऱ्याला तिथे फारसे काही नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे १९८६ मध्ये घोषित झालेल्या जायकवाडी पक्षी अभयारण्यात, गणित आणखी अवघड. पाणी ओसरते तसा गाळ उघडा पडतो. त्यावर शेतकरी गाळपेर करतात आणि हिवाळी पाहुणे पक्षी चरतात. ज्या वर्षी धरण काठोकाठ भरते त्या वर्षी हा उथळ काठ आक्रसतो, म्हणून एका वर्षाची गणना इथे पुरेशी नाही. याच जलाशयावरील प्रस्तावित तरंगत्या सौरप्रकल्पाला दिलेले आव्हान राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये फेटाळले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला.

गोदावरीतील वाळूउपशाला पर्यावरण मंजुरी लागते; २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पाच हेक्टरांहून लहान वाळूघाटही त्यात आले. अवैध उपशाचे मूल्यांकन अर्थातच कोणी करत नाही.

जनसुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असावा लागतो. लांडग्याची वीण कुठल्या घळीत आहे हे सर्वांत नेमके सांगू शकणारे मेंढपाळ त्या दिवशी कळपामागे परमुलखात असण्याचीच शक्यता जास्त.

प्रकल्प उभा राहिल्यावरची देखरेख हा सर्वांत कच्चा भाग. पवनचक्कीखाली सापडलेले मृत पक्षी मोजून आकडा देणे पुरेसे नसते, कारण कुत्री आणि कोल्हे त्यांतले बरेचसे आधीच उचलून नेतात. त्यासाठी मेलेले पक्षी मुद्दाम ठेवून ते किती दिवस टिकतात हे पाहतात आणि त्या प्रमाणात मूळ आकडा वाढवून धरतात.