एका लेयरचं वजन किती?

माझ्या भाचीने दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ करायला घेतलं आणि तिचा लॅपटॉप पावलोपावली अडायला लागला. टॅबलेटवर पेनने रेघ ओढून व्हायची, पडद्यावर ती दोन-तीन सेकंदांनी उमटायची, आणि मधल्या वेळात आतून हार्ड डिस्कची करकर ऐकू यायची. "मामा, नवीन घ्यावा लागणार बहुतेक," ती म्हणाली. मी म्हटलं, आधी चित्राचं वजन काढू.

ए-फोर कागद ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, घेतला तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलमागे लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे, प्रत्येकी एक बाइट. म्हणजे पूर्ण रंगवलेला एक लेयर, चित्राचा एक थर, ३५ एमबीचा. तिचे ४० लेयर होते, म्हणजे १.४ जीबी. ८ जीबी रॅमला, म्हणजे संगणकाच्या काम चालू असतानाच्या तात्पुरत्या जागेला, हे जड नाही. पण छपाई सुबक यावी म्हणून तिने ६०० डीपीआय ठेवलं होतं. डीपीआय दुप्पट केलं की लांबीही दुप्पट, रुंदीही दुप्पट, आणि पिक्सेल चौपट. तेच ४० लेयर साडेपाच जीबीवर गेले. त्यात अन्डूसाठी जपलेल्या जुन्या अवस्था, विंडोज, शिवाय ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेली संदर्भचित्रं. रॅम भरून वाहायला लागली.

इथे बरेच जण फसतात, कारण फोल्डरमध्ये फाइल बरीच लहान दिसते. डिस्कवर ती दाबून, आवळून ठेवलेली असते. उघडली की रॅममध्ये पूर्ण पसरते.

रॅममध्ये मावत नाही ते संगणक डिस्कवर टाकतो आणि लागेल तसं परत आणतो. फोटोशॉपमध्ये त्या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात. खरी गोम या ये-जा करण्यात आहे. रॅममधली एखादी गोष्ट हाती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरची, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपवरच्या डिस्कवरची, यायला त्याच्या हजारपट वेळ. हार्ड डिस्कमध्ये तर खरोखरची तबकडी फिरत असते, मिनिटाला ५४०० फेरे. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत १५ मिलिसेकंद सहज जातात. हा वेळ आपल्या मापाने मोजून बघा: ओट्यावरचा डबा उचलायला एक सेकंद लागत असेल, तर एसएसडी म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन यायची १७ मिनिटं, आणि हार्ड डिस्क म्हणजे गावाहून एसटीने मागवलेलं पार्सल, जे पावणेदोन दिवसांनी हातात पडतं. भाचीच्या रेघेला लागणारे ते दोन-तीन सेकंद अशा शेकडो पार्सलांचे होते.

म्हणून पहिला खर्च एसएसडीवर करावा, असं माझं ठाम मत आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी, त्याच स्क्रूंवर बसते. दुसरा खर्च रॅमचा. विकत घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडून रॅमची पट्टी बसायच्या जागा, म्हणजे स्लॉट, किती वापरात आहेत ते बघा. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे वाढवायला वाव नसतो. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. भाचीच्या लॅपटॉपमध्ये एक स्लॉट मोकळा होता. तिथे पहिलीच्याच मापाची दुसरी पट्टी बसवली. रॅम १६ जीबी तर झालीच, शिवाय दोन पट्ट्या जोडीने काम करतात तेव्हा प्रोसेसरकडे माहिती दोन वाटांनी जाते. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या यंत्रात याचा जास्त उपयोग होतो, कारण तिथे चित्र दाखवण्याचं कामही याच रॅमवर चालतं.

महागडं ग्राफिक कार्ड मात्र चित्रकाराने सगळ्यात शेवटी घ्यावं. क्रिटासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॅनव्हास फिरवणं, झूम करणं ही कामं ते हलकी करतं, पण ब्रशचं बहुतेक गणित प्रोसेसरच करतो.

आणि पैसे न लागणारा उपाय म्हणजे योग्य डीपीआय निवडणं. चौकातला गणपती मंडळाचा १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयला केला तर एकच लेयर ३.१ जीबीचा होतो. ७२ डीपीआयला तोच १८० एमबीच्या आत बसतो. दहा मीटरवरून आपल्या डोळ्याला तीन मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, आणि ७२ डीपीआयचा ठिपका अवघा ०.३५ मिलिमीटरचा असतो. मुखपृष्ठ मात्र हातात धरून बघतात, तिथे ३०० हवंच. क्रिटा चित्राचे ६४ बाय ६४ पिक्सेलचे चौकोनी तुकडे करून ठेवतं आणि रिकाम्या तुकड्यांना जवळजवळ जागा देत नाही. त्यामुळे चार रेघांचा लेयर हलका असतो. जड असतात ते पूर्ण रंग भरलेले लेयर. पक्के झालेले असे लेयर एकत्र करून टाकावेत, मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून.

लॅपटॉप उघडण्याआधी तो बंद केला, चार्जर काढला, आतल्या बॅटरीची पिनही सोडवली. अंगावरची स्थिर वीज चिपला मारू शकते, म्हणून भाचीने आधी नळाला हात लावला. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. रॅमची पट्टी तिरकी घालून खाली दाबली तशा दोन्ही बाजूंच्या चिमट्या 'टक्' करून बसल्या. ३०० डीपीआयची नवी प्रत उघडून तिने रेघ ओढली. पेनच्या टोकामागे रेघ लगेच आली.

काढलेली हार्ड डिस्क शंभर टक्के चालू होती. ती यूएसबीच्या डबीत घातली. आता दर रविवारी तिच्यावर सगळ्या चित्रांची दुसरी प्रत जाते.