भूमिगत नळ : हाताने टाकण्याच्या व जोडण्याच्या पारंपरिक पद्धती

पाणी किंवा सांडपाणी वाहून नेणारे नळ माणसांनी खणलेल्या चरात उतरवणे, ते रेषेत व योग्य उतारावर बसवणे आणि त्यांचे सांधे झिरपणार नाहीत असे बंद करणे, या साऱ्या कामांचा समावेश या पद्धतींत होतो. नळ बिडाचा, भाजलेल्या मातीचा की सिमेंट काँक्रीटचा, यावर सांध्याची रीत ठरते. ती टिकेल की नाही हे मात्र बरेचसे जमिनीवर अवलंबून असते. सोलापूर शहर व जिल्ह्यातील अनुभव या दृष्टीने विशेष बोलका आहे, कारण येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या हालचालीचा ताण नळाच्या सर्वांत दुबळ्या जागेवर, म्हणजे सांध्यावर, येतो.

या भागाला नळाने पाणी नेण्याची कल्पना जुनी आहे. सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या विजापुरात आदिलशाहीच्या काळी बांधलेल्या बेगम तलावाचे (१६५१) पाणी खापरी नळांतून शहरात आणले जाई आणि वाटेत बांधलेल्या ‘गंज’ नावाच्या मनोऱ्यांत पाण्याचा दाब कमी होऊन गाळ खाली बसे. असे नळ एकात एक बसवून चुन्याने सांधत. दाब वाढला तर भाजलेली माती तडकणार, हे जाणूनच मनोऱ्यांची योजना होती. १८७१ साली पुऱ्या झालेल्या एकरूख (हिप्परगा) तलावाचे पाणी सोलापूरला मिळू लागले, आणि दाबाखाली पाणी नेण्यासाठी देशभर रूढ झालेले बिडाचे नळ येथेही गाडले गेले. काँक्रीटच्या नळांशी तर शहराचे नाते आणखी जवळचे आहे : १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाईप कंपनी स्थापन करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा (१८८२).

चर खणताना टिकाव, फावडे, पहार आणि घमेले एवढीच हत्यारे लागतात. चराची रुंदी सामान्यतः नळाच्या बाहेरील व्यासापेक्षा फूटभर जास्त धरतात आणि रस्त्याखाली नळाच्या डोक्यावर सुमारे मीटरभर माती राहील इतकी खोली ठेवतात. सोलापुरात वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, असा क्रम बहुतेक ठिकाणी लागतो. मुरमात नळ बसला तर उत्तम. पाषाण लागल्यास छन्नी, घण व पाचरांनी तो फोडून, नळ खडकाच्या टोकांवर टेकू नये म्हणून चार ते सहा इंच वाळूचा किंवा बारीक मुरमाचा थर देतात. काळ्या मातीतच नळ ठेवावा लागला, तर तळाची माती काढून मुरूम भरणे आणि भरावालाही तोच वापरणे शहाणपणाचे असते. खणलेली काळी माती पुन्हा चरात ढकलणे स्वस्त पडते खरे, पण पहिल्या दोन पावसाळ्यांतच त्या बचतीची किंमत कळते. दगडखाणी व मातीकामात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या वडार समाजाच्या कारागिरांचा या कामात मोठा वाटा राहिला आहे.

बिडाच्या नळाचे एक टोक साधे व दुसरे रुंद तोंडाचे, म्हणजे सॉकेटचे असते. सॉकेटे काम पुढे सरकते त्या दिशेला आणि चढावर वरच्या बाजूला तोंड करून ठेवतात. प्रत्येक सांध्याखाली कारागिराचा हात व हातोडा फिरेल एवढा खड्डा काढावा लागतो. तो नसला तर सांध्याची खालची बाजू नीट ठासली जात नाही, आणि गळती बहुधा तिथेच निघते. साधे टोक सॉकेटात सरकवल्यावर मधल्या फटीत डांबरात भिजवलेली सुतळी वेढ्यावेढ्याने घालून बोथट छन्नीने ठासतात. सुतळीचे काम दुहेरी आहे : नळ मध्यावर धरणे आणि वितळलेले शिसे आत गळू न देणे. त्यानंतर सॉकेटच्या तोंडाभोवती ओल्या चिकणमातीने लिंपलेला दोर आवळतात आणि वर माथ्याशी ओतण्यापुरती वाट ठेवतात.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण ते वेढा पूर्ण करेपर्यंत पातळ राहावे म्हणून त्याहून बरेच अधिक तापवतात. वर आलेली मळी पळीने काढून टाकून शिसे एकाच धारेत, न थांबता ओततात, कारण मध्ये थांबल्यास पहिले व दुसरे ओतणे एकजीव होत नाही. १०० मिलिमीटर व्यासाच्या एका सांध्याला साधारण सव्वादोन किलो शिसे लागते व त्याची खोली ४५ मिलिमीटर धरतात. सांध्यात ओल असेल तर पाण्याची वाफ होऊन तापलेले शिसे उसळून अंगावर येते. म्हणून चरात पाणी साचले असता ओतकाम करीत नाहीत, आणि थोडी ओल संशयास्पद वाटली तर आधी किंचित तेल सोडतात. शिसे थंड होताना आक्रसते आणि बिडापासून बारीक सुटते. ही फट बंद करण्यासाठी पातळ धारेच्या छन्नीपासून जाड छन्नीपर्यंत क्रमाने जात, सांध्याभोवती सारख्या ठोक्यांनी शिसे आत ठासतात. कामाचा खरा कस येथे लागतो. चांगले ठासलेले शिसे सॉकेटच्या तोंडापासून किंचित आत व सर्वत्र सारखे चकचकीत दिसते. मऊ असल्याने असा सांधा जमिनीच्या थोड्या हालचालीला वाव देतो, आणि गळू लागला तर नळ न काढता पुन्हा ठासता येतो; काळ्या जमिनीत त्याची उपयुक्तता यामुळेच होती.

सांडपाण्याच्या स्टोनवेअर, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, नळांत दाब नसतो, तेथे उतार महत्त्वाचा. १०० मिलिमीटरच्या नळाला ४० त १, १५० ला ६० त १ आणि २३० ला ९० त १ असा उतार देण्याचा जुना संकेत आहे. चरावर ठरावीक अंतराने आडव्या फळ्या बांधून त्यांच्या वरच्या कडांवरून नजर टाकत, ठरलेल्या लांबीची टी आकाराची काठी नळाच्या तळावर उभी करून उतार तपासतात; पाणी भरलेली पारदर्शक नळीही पुरते. काम खालच्या टोकाकडून वर नेतात. सांध्यात सिमेंटच्या राबडीत भिजवलेली सुतळी भरून सिमेंट-वाळूचा १:१ मसाला ठासतात आणि बाहेर मसाल्याचीच ४५ अंशांची उतरती कड काढतात. आत घुसलेला मसाला लगेच बोळ्याने पुसला नाही, तर तो वाळून पुढे सदैव तुंबण्याचे कारण होतो. या सांध्यात लवचीकता मुळीच नाही, आणि काळ्या मातीत तो सर्वांत आधी तडकतो.

ह्यूम पाईप, म्हणजे काँक्रीटचे नळ, जोडताना दोन नळांच्या समोरासमोर आलेल्या टोकांवर काँक्रीटचा सुटा कॉलर (रुंद कडे) सरकवून मधल्या फटीत सुतळी व कोरडसर मसाला दोन्ही बाजूंनी ठासतात आणि सांधा ओल्या पोत्यांनी झाकून पाणी मारतात. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पोती दर काही वेळाने भिजवावी लागतात. मोठे नळ चरात उतरवण्यासाठी तीन बल्ल्यांची तिपाई व चेन-कप्पी वापरतात, लहान नळ दोन दोरांवर सोडतात. घरगुती जोडाला लागणाऱ्या जस्ती नळांचे आटे डायने पाडून त्यांवर दोरा व सफेदा लावतात. भीमेकाठच्या ऊसपट्ट्यात विहिरीवरून शेतात नेलेल्या पीव्हीसी नळांना पाचटाच्या जाळावर टोक मऊ करून हाताने सॉकेट काढण्याची पद्धत दिसते. ती सोयीची असली तरी टोकाची जाडी कमी होते व तेथेच नळ फुटतो.

नळ टाकल्यावर सांधे उघडे ठेवून पाण्याच्या दाबाने चाचणी घेतात, मगच सहा-सहा इंचांच्या थरांत भराव टाकून धुम्मसाने चोपतात. शिशाच्या विषारीपणामुळे आणि रबरी कड्यांचे लवचीक सांधे सोपे पडू लागल्याने नव्या कामांत शिसे जवळजवळ उरलेले नाही. जुन्या वाहिन्यांत मात्र ते आहे, आणि सोलापुरासारख्या काही दिवसांच्या आड पाणी सोडणाऱ्या शहरात त्याची निगा वेगळी महत्त्वाची ठरते : नळ रिकामा असताना गळका सांधा बाहेरची घाण आत ओढतो. गळतीची जागा शोधण्यासाठी लोखंडी सळईचे एक टोक नळावर वा व्हॉल्व्हवर टेकवून दुसरे कानाशी धरतात. वाहिनीत दाब असेल तेव्हाच आवाज येत असल्याने हा शोध पाणी सुटण्याच्या वेळेतच, शक्यतो रहदारी थांबलेली असताना, घ्यावा लागतो.