७५ मिलिग्रॅम कोणत्या गोळीचे?

केसपेपर संगणकावर आला की रुग्णाबद्दलचं सगळं संगणकाला कळलं, असं पुष्कळांना वाटतं. संगणकाला दिसतात ते रकाने. एखाद्या रकान्यात १२० लिहिलं असेल, तर तो रक्तदाब आहे, साखर आहे की नाडीचे ठोके, हे आकड्यावरून समजत नाही. ते रकान्याच्या ओळखीवरून समजतं.

ही ओळख म्हणजे रकान्यावर छापलेलं नाव, असं समजलात तर तिथेच फसगत होते. नाव माणसांसाठी असतं. एका फॉर्मवर ‘सिस्टोलिक’ असतं, दुसऱ्यावर ‘एसबीपी’, तिसऱ्यावर ‘वरचं बीपी’. म्हणून ओपन-ईएचआर या, आरोग्याच्या नोंदी संगणकात कशा ठेवायच्या हे ठरवणाऱ्या खुल्या मानकात प्रत्येक घटकाला नावाखेरीज एक कोडही दिलेला असतो. तिथे रक्तदाबाचा एक ‘आर्केटाइप’ आहे, म्हणजे रक्तदाबाविषयी जे जे नोंदवावंसं वाटेल त्याचा पूर्ण आराखडा. त्यात सिस्टोलिकचा, म्हणजे वरच्या आकड्याचा, कोड एटी०००४ आणि डायस्टोलिकचा, म्हणजे खालच्याचा, एटी०००५. (दुसऱ्या आर्केटाइपमध्ये एटी०००४ म्हणजे भलतंच काही असू शकतं, कोड त्या त्या आराखड्यापुरताच खरा.) या आराखड्यातून आपल्याला हवं तेवढं निवडलं की बनतो तो ‘टेम्प्लेट’, आपला साचा. साच्यात नाव बदलायची मुभा असते, अर्थ बदलायची नसते.

अडचण सुरू होते ती एकच गोष्ट दोनदा नोंदवायची वेळ आली की. समजा, रुग्णाचा रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोनदा मोजायचा आहे. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्कर येऊन पडण्याचं कारण सापडू शकतं. साचा बनवणारा पटकन सिस्टोलिकच्या रकान्याची नक्कल करतो आणि नावं देतो ‘सिस्टोलिक – आडवे’ आणि ‘सिस्टोलिक – उभे’. पडद्यावर छान दिसतं. पण आत दोन्हींचा कोड एकच, एटी०००४. फरक उरला तो फक्त नावात. पुढे कुणी ‘उभे’चं ‘उभ्याने’ केलं किंवा नुसती एक मोकळी जागा जास्त पडली, की जुन्या नावाने शोधणाऱ्या प्रश्नाला उत्तर येतं: शून्य नोंदी. कुठे काही चुकलंय असा इशाराही मिळत नाही. खरं तर आराखड्यात ‘शरीराची स्थिती’ असा स्वतंत्र घटक आहे. अख्खी मोजणी दोनदा घ्यायची आणि प्रत्येकीत स्थिती नोंदवायची, एवढंच करायचं असतं.

मला या विषयात सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतो तो प्रश्न याच्याही पुढचा आहे: ‘पुन्हा पुन्हा भरता येईल’ ही खूण नेमकी कशावर लावायची? आराखड्यात ती ‘शून्य ते कितीही’ अशी लिहितात. औषधांचा फॉर्म घ्या. त्यात औषधाचं नाव आणि मात्रा असे दोन रकाने आहेत आणि दोन्हींवर ही खूण वेगवेगळी लावली आहे. तीन औषधं भरली: मेटफॉर्मिन ५००, अॅम्लोडिपिन, अॅस्पिरिन ७५. मधल्याची मात्रा रुग्णाला आठवेना, म्हणून रकाना कोरा राहिला. कोरा रकाना बहुधा साठवलाच जात नाही. म्हणजे साठली तीन नावं आणि दोन मात्रा. फॉर्म पुन्हा उघडला की संगणक पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी अशा जोड्या लावतो आणि अॅम्लोडिपिनसमोर ७५ येऊन बसतात! हे औषध मोठ्या माणसालाही दिवसाला सहसा १० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत.

खूण हवी होती ती ‘नाव अधिक मात्रा’ या अख्ख्या गठ्ठ्यावर. मग कोरी जागा कोरीच राहते, आणि ‘माहीत नाही’ म्हणून ती कोरी आहे, हेसुद्धा नोंदवायची सोय या मानकात आहे. नवजात बाळाच्या अॅपगार गुणांमध्ये पुन्हा वेगळी तऱ्हा. डॉक्टर व्हर्जिनिया अॅपगार यांची १९५३ साली प्रसिद्ध झालेली, बाळाची तब्येत जोखायची ही पद्धत: पाच गोष्टी, प्रत्येकीला ० ते २ गुण, जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. तिथे पाचही रकान्यांसकट तो क्षणच पुन्हा येतो. औषधांत गठ्ठा, अॅपगारमध्ये क्षण; ही निवड साचा बनवणाऱ्याला विषय समजून घेऊनच करावी लागते.

‘आता एआय सगळं वाचून नीट लावून देईल’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. जोडी तुटूनच नोंद साठली असेल, तर ७५ कुणाचे हे एआयला तरी कुठून कळणार? तो अंदाज करेल, आणि औषधाच्या मात्रेत मला अंदाज नको आहे.

नवा साचा हाती आला की मी तीन औषधं भरतो, मधल्याची मात्रा मुद्दाम कोरी सोडतो, जतन करतो, पहिलं औषध काढून टाकतो आणि फॉर्म बंद करून पुन्हा उघडतो. मग अॅस्पिरिनसमोर ७५ आहेत ना आणि अॅम्लोडिपिनसमोरची जागा अजून कोरी आहे ना, एवढंच बघतो.