अंग आंबलंय की स्नायू फाटलाय?

रविवारी सिंहगड चढून-उतरून आलेला माणूस संध्याकाळी मिसळ हाणतो आणि मंगळवारी घरचा जिना उतरताना कठडा धरून ‘आई गं’ म्हणतो. कबड्डीत बोनससाठी पाय लांबवताना मांडीच्या मागे कळ येऊन खाली बसलेला चढाईपटूही तेच म्हणतो. घरी दोघांनाही एकच सल्ला मिळतो: तेल लावून चोळ आणि शेक. पहिल्याला ते चालून जाईल, दुसऱ्याला महागात पडेल.

आंबलेलं अंग उशिरा बोलतं. दुखणं 12 ते 24 तासांनी सुरू होतं, एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतं आणि आठवडाभरात जातं. दुखतात दोन्ही मांड्या, अख्ख्याच्या अख्ख्या. लॅक्टिक ॲसिड साचतं म्हणून दुखतं, असं जिममध्ये अजून सांगतात; पण ते तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं. खरा त्रास उताराचा. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच अंगाचा भार पेलतो आणि तंतूंना बारीक इजा होते. औषध म्हणजे हलकं चालणं. पुढच्या रविवारी तोच गड कमी दुखवतो. (लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र लगेच डॉक्टरकडे.)

फाटलेला स्नायू वाट बघत नाही. कळ त्याच क्षणी, एकाच पायात येते आणि जागा एका बोटाने दाखवता येते. एक-दोन दिवसांत काळंनिळंही होऊ शकतं. आत रक्त साकळत असताना चोळणं, शेकणं, ताणून बघणं पहिले दोन-तीन दिवस बंद. क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा. नंतर मात्र पडून राहू नका. दुखणार नाही इतपत हळूहळू भार द्या. पाय लांबवताना झालेली इजा सुरुवातीला किरकोळ वाटते, पण अनेकदा धावताना झालेल्या इजेपेक्षा भरायला जास्त वेळ घेते. चालताना दुखत नाही म्हणून मैदानात उतरणारेच पुन्हा त्याच जागी फाडून घेतात.

हे टाळायला एक साधा व्यायाम आहे, नॉर्डिक. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि कंबर न वाकवता जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत यामुळे मांडीमागच्या इजा जवळपास निम्म्यावर आल्या. पहिल्या आठवड्यात मांड्या सणसणीत आंबतील. दोन्ही सारख्याच दुखत असतील, तर चालू ठेवा.